बोर्डो

आमच्याकडे बोर्डो म्हणजे दारू नव्हे.
बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना
पिंपात काठीनं ढवळलेला,
आणि त्यात बुडवून पाहिलेला खिळा:
तांबूस झाला, तर चुना कमी पडला.
आप्पांच्या नखांच्या कडा
माझ्या सगळ्या शाळेभर निळ्या होत्या.
प्रगतिपुस्तकावर सहीशेजारी
एकदा अख्खा निळा अंगठा उमटला,
बाई म्हणाल्या, अगं, वडील सही करतात ना तुझे?

हे मी कोलेतला सांगितलं नव्हतं.
ती आली होती एका फेब्रुवारीत,
हंगामापुरती, दिंडोरी रोडच्या वायनरीत.
मी तिथे रसाची साखर मोजते.
एका रविवारी मोहाडीला घरी आली,
पिठलं दोनदा मागून घेतलं,
मग मांडवाखाली उकिडवी बसून
मातीचं ढेकूळ जिभेवर ठेवलं.
आई आत जाऊन हसून आली.

दोन वर्षांनी, श्रावण संपता संपता, तिची बाटली आली,
आमच्या साहेबांच्या बॅगेतून, लोकरी पायमोज्यात.
दहा एकर, ती, तिचा भाऊ आणि एक घोडा:
एवढ्या जणांची लाल वाईन.

बूच काढायचं हत्यार कामावर राहिलेलं.
सोनजीनं रवीच्या दांड्यानं ते आत ढकललं.
(सोनजी पेठहून येतो छाटणीला, पंधरा वर्षं.)
आई म्हणाली, गाळ आलाय गं, नासली वाटतं,
आणि चहाच्या गाळणीतून चार पेले गाळले.
सोनजीनं घोट तोंडात फिरवला.
मोहाची अशी नसते, म्हणाला,
हिनं तोंड सुकतं. अर्धकच्ची जांभळं.

सोबत चिठ्ठी. मी मराठी करत वाचत गेले.
'औषध फार मारत नाही. थोडं तांबं, थोडं गंधक,
आणि बांधावरच्या खाजऱ्या पाल्याचा काढा.'
दशपर्णी! आई म्हणाली,
जत्रेत माहेरचं कुणी दिसावं तशी.
'सप्टेंबरात तोडणी. मग पानं लाल होतात, गळतात.
जानेवारीत वेली झोपलेल्या असतात.
तेव्हा आम्हीही थोडे झोपतो.'

आप्पा म्हणाले, ते परत वाच.

वाचलं.

झोपतात म्हणजे?
पान नसतं, आप्पा. नुसती काडी. चार महिने.
आणि उठवतं कोण?
ऊन.

आमच्या वेलीला वर्षात दोनदा कात्री.
चैत्रात खरड छाटणी, दसऱ्याच्या मागेपुढे गोडी,
आणि गोडीच्या पाठोपाठ, हातमोजे घालून,
एकेका डोळ्याला पेस्ट पुसायची,
म्हणजे सगळे डोळे एकदम उघडतात.
डोळे. आप्पा जन्मभर हा शब्द बोलले.
त्या रात्री तो त्यांना ऐकू आला असावा.
किंवा वाईन असेल. मला ठरवता येत नाही.
पेला तसाच ठेवून, बॅटरी घेऊन ते बाहेर गेले,
मोटार बघतो म्हणाले.
मोटारीला तर वीज नव्हती.

दसऱ्यानंतर छाटणी झाली
आणि विहिरीकडची एक ओळ राहिली.
सोनजीनं विचारलं, ही?
असू दे.

ती काही झोपली नाही.
आमच्या उन्हात कोण झोपणार?
डिसेंबरात अर्धवट पिवळी पडली,
शेंड्याला वेडीवाकडी फुटली,
चार घोस धरले, चिंचेसारखे आंबट.
आप्पा रोज जाऊन बघत,
पाळण्यातलं पोर निजलंय का बघावं तसे,
पावलांचा आवाज न करता.

बाटलीत आता निंबोळी अर्क आहे,
मोटारीच्या खोलीत, फळीवर.
लेबल भिजून त्या घराण्याचं नाव
निम्मं उरलंय, मलाही लागत नाही.
पंपात माप घालताना आप्पा हात पुढे करतात,
नखं अजून निळीच:
सोनज्या, ती कोलेत दे इकडे.